हेल्मेटमधील संवाद : दुचाकीसाठी घरी तयार होणारा इंटरकॉम

दहिवली-कर्जतच्या परिसरात दुचाकी ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. पहाटेची लोकल गाठणारा नोकरदार, बाजाराला भाजी घेऊन येणारा शेतकरी, वसतिगृहातील मुलाला सुट्टीसाठी न्यायला आलेले आईवडील, या सर्वांचा प्रवास बहुधा दुचाकीवरच होतो. आणि बहुतेक वेळा तो दोघांचा असतो. एक जण चालवतो, दुसरा मागे बसतो. दोघांच्या डोक्यांमध्ये जेमतेम हातभर अंतर असते. तरीही वाहनाने वेग घेतला की दोघांचे बोलणे तुटते. मागचा मनुष्य पुढे झुकून ओरडतो, पुढच्याला अर्धेच ऐकू येते, आणि तो "काय म्हणालात?" असे विचारीत मान मागे वळवतो.

धोका आहे तो या मान वळवण्यात. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी मोटारसायकल एका सेकंदात सुमारे १४ मीटर पुढे सरकते. दोन सेकंद मान वळली, तर २८ मीटर रस्ता कोणीही न पाहता कापला जातो. खोपोलीकडे जाताना पळसदरीच्या आसपास किंवा बोरघाटात शिंग्रोबाच्या देवळाजवळच्या वळणांवर २८ मीटर म्हणजे काय, हे त्या रस्त्याने गेलेल्यांना सांगावयास नको. द्रुतगती मार्गावर दुचाकीला मनाई असल्याने पुण्याकडे जाणाऱ्या दुचाकीस्वाराला घाटाचा जुना रस्ताच धरावा लागतो.

याला जोडूनच दुसरी अडचण येते. "हेल्मेट घातले की काही ऐकू येत नाही" अशी सबब मागे बसणारा हमखास सांगतो आणि हेल्मेट हातात धरतो किंवा घरीच ठेवतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ नुसार हेल्मेटची सक्ती चालवणाऱ्याइतकीच मागे बसणाऱ्यालाही आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी १,००० रुपये दंड आणि तीन महिने परवाना रद्द होण्याची तरतूद आहे. पण दंडाच्या भीतीने घातलेले हेल्मेट पोलीस दिसेनासे होताच उतरते. ऐकू येण्याची सोय झाली, तर निदान ही सबब तरी उरत नाही. म्हणून या लेखात दोन हेल्मेट जोडणारा, तारेवर चालणारा साधा इंटरकॉम कसा तयार करावा हे सांगितले आहे. नववी-दहावीत विज्ञान नीट शिकलेल्या आणि सोल्डरिंगची सवय असलेल्या विद्यार्थ्याला तो दोन-तीन दिवसांत जमावा.

एकाच वाहनावर असून एकमेकांशी बोलता न येणारी माणसे कर्जतकरांना नवीन नाहीत. कर्जत स्थानकात लोणावळ्याकडे जाणाऱ्या गाड्यांना मागून बँकर इंजिने जोडली जातात, कारण पुढची चढण ३७ फुटांना एक फूट अशी कठीण आहे. पुढच्या इंजिनाचा चालक आणि मागच्या बँकरचा चालक यांच्यामध्ये अख्खी गाडी असते. रेल्वेच्या नियमांत यासाठी शिट्टीचे संकेत ठरलेले आहेत : मदत हवी, मदत नको, निघण्यास तयार. संकेत थोडे, पण दोघांनाही पाठ. इंटरकॉम करावयास घेण्यापूर्वी प्रत्येक जोडप्याने, प्रत्येक बापलेकाने असे दोन-चार संकेत ठरवून घ्यावेत असे मला वाटते : उजव्या खांद्यावर एक थाप म्हणजे उजवीकडे वळ, डाव्या खांद्यावर एक थाप म्हणजे डावीकडे, पाठीवर दोन थापा म्हणजे थांब. यंत्र केव्हाही बंद पडू शकते. थाप बंद पडत नाही.

विजेशिवायचा इंटरकॉमही एके काळी वापरात होता. १९१७ साली इंग्लंडमधील गॉस्पोर्ट येथे रॉबर्ट स्मिथ-बॅरी या वैमानिकाने उड्डाण शिकवण्याची नवी पद्धत सुरू केली. उघड्या विमानात पुढेमागे बसलेल्या शिक्षक-विद्यार्थ्यांना इंजिनाच्या आणि वाऱ्याच्या आवाजात बोलता यावे म्हणून तेथे रबरी नळी वापरली जाई. नळीच्या एका टोकाला शिक्षकाच्या तोंडाशी नरसाळे, दुसऱ्या टोकाला विद्यार्थ्याच्या शिरस्त्राणातील कान. 'गॉस्पोर्ट ट्यूब' या नावाने ती पुढे प्रसिद्ध झाली. डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपचेच हे भावंड. विद्यार्थ्याला उलट बोलण्याची सोय बहुधा नसे, आणि शिकवण्याचे काम त्यामुळे अडलेही नाही. ही गोष्ट पुढे आपल्या उपयोगी पडणार आहे.

आता मुख्य विषयाकडे वळू. इंटरकॉम म्हटल्यावर बहुतेकांचे लक्ष प्रथम सर्किटकडे जाते. खरा प्रतिपक्ष मात्र वारा आहे. दोन माणसांच्या साध्या बोलण्याची पातळी सुमारे ६० डेसिबल असते. ताशी ६० किलोमीटरच्या पुढे हेल्मेटच्या आत केवळ वाऱ्याचा गोंगाट ९० डेसिबलच्या आसपास पोहोचतो, आणि वेग वाढेल तसा तो झपाट्याने चढत जातो. अशा ठिकाणी मायक्रोफोन नुसता ठेवला आणि आवाज मोठा केला, तर बोलणे आणि वारा दोन्ही सारख्याच प्रमाणात मोठे होतात. ऐकणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. म्हणून आवाज वाढवण्याच्या आधी वाऱ्यापासून बोलणे वेगळे काढणे हे पहिले काम होय.

ते तीन प्रकारे साधते. पहिला उपाय अंतराचा. मायक्रोफोन ओठांच्या जितका जवळ, तितके बोलणे मोठे. वारा मात्र आहे तेवढाच राहतो. अंतर निम्मे केले की बोलण्याची पातळी सुमारे ६ डेसिबलने वाढते. चार सेंटिमीटरवरचा मायक्रोफोन एका सेंटिमीटरवर आणला, तर एक पैसाही खर्च न करता १२ डेसिबलचा लाभ होतो. पूर्ण चेहरा झाकणाऱ्या हेल्मेटमध्ये हनुवटीच्या पट्टीच्या आतल्या बाजूस, ओठांच्या कोपऱ्यासमोर ही जागा मिळते. अगदी समोर ठेवू नये. श्वासाचा फुंकर थेट बसतो आणि 'प', 'फ', 'भ' या अक्षरांना धाडधाड आवाज येतो. चेहरा उघडा ठेवणारे हेल्मेट असेल, तर गालाजवळून येणारी लवचिक काडी लागते, आणि खरे सांगायचे तर ताशी ४० किलोमीटरच्या पुढे त्या हेल्मेटमध्ये फारशी आशा ठेवू नये.

दुसरा उपाय स्पंजाचा. मायक्रोफोनवर बोटाच्या पेराएवढी सच्छिद्र स्पंजाची टोपी चढवावी. वारा थेट पडद्यावर आपटला की जो घरघराट होतो तो या टोपीत विरतो. बोलण्याच्या लहरी मात्र आरपार जातात. टोपीवर प्लास्टिकची पिशवी गुंडाळण्याचा मोह पावसाळ्यात होतो. तो टाळावा, कारण मग स्पंजाचा उपयोगच संपतो.

तिसरा उपाय मायक्रोफोनच्या जातीचा. बाजारात साध्या इलेक्ट्रेट मायक्रोफोनशिवाय 'नॉइज कॅन्सलिंग' प्रकारचा कॅप्सूलही मिळतो. त्याला पुढे आणि मागे अशी दोन्हीकडे छिद्रे असतात. दूरचा गोंगाट दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखाच पोहोचतो आणि पडद्यावर परस्परांना रद्द करतो. जवळच्या ओठांचा आवाज पुढच्या बाजूने अधिक जोराने येतो, म्हणून तो शिल्लक राहतो. हा कॅप्सूल घेतला तर मागचे छिद्र टेपने किंवा डिंकाने बुजवू नये. ते बुजले की तो साध्या मायक्रोफोनसारखाच वागू लागतो.

चौथी मदत सर्किटातून मिळते, पण ती समजण्यासाठी बोलण्याचे स्वरूप थोडे पाहावे लागेल. आपल्या उच्चारातील स्वर हे खालच्या कंपनसंख्येचे आणि जोरकस असतात. व्यंजने बरीचशी वरच्या कंपनसंख्येची आणि दुबळी असतात. 'थांब' आणि 'लांब' या दोन शब्दांत स्वर तेच आहेत; फरक एका व्यंजनाचा. 'सात' आणि 'साठ' यांचेही तसेच. वाऱ्याचा आणि इंजिनाचा गोंगाट प्रामुख्याने खालच्या कंपनसंख्येत असतो. म्हणून खालचा भाग कापून टाकला तर गोंगाट पुष्कळ जातो आणि अर्थ मात्र टिकतो. जुन्या टेलिफोनने ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढीच पट्टी वाहून अनेक दशके जगाचे व्यवहार चालवले. आवाज पातळ, पत्र्यासारखा लागेल. त्याला नावे ठेवू नयेत. गाण्यासाठी हे यंत्र नाही.

सर्किटासाठी एल.एम. ३८६ ही आठ पायांची आय.सी. पुरते. ती अगदी किरकोळ किमतीत मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्यात बुधवार पेठेच्या तापकीर गल्लीत सहज मिळते. एक आय.सी. पुढच्याचा आवाज मागे नेण्यासाठी, दुसरी मागच्याचा पुढे आणण्यासाठी, अशा दोन लागतात. चौथा पाय ऋण, सहावा धन, तिसऱ्या पायाला आवाज द्यावयाचा, दुसरा पाय ऋणाला जोडावयाचा आणि पाचव्यातून मोठा झालेला आवाज घ्यावयाचा. पहिल्या आणि आठव्या पायांमध्ये काहीच जोडले नाही, तर ही आय.सी. आवाज २० पट वाढवते; तेथे १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडला तर २०० पट. बहुतेक नकाशांत तो कपॅसिटर दाखवलेला असतो. तो गाळावा असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. मायक्रोफोन ओठांजवळ असेल तर २० पट वाढ भरपूर होते. २०० पटीत हेल्मेटमध्ये स्पीकरचा आवाज मायक्रोफोनकडे परत शिरतो आणि कर्कश शीळ वाजू लागते.

मायक्रोफोनला चालण्यासाठी थोडी वीज लागते. ती ४.७ किलोओहमच्या रेझिस्टन्समधून द्यावी. त्याच्याही आधी १ किलोओहम आणि १०० मायक्रोफॅरड यांची गाळणी ठेवावी, नाहीतर दोन्ही आय.सी. एकमेकींना छेडतात आणि बोटीच्या इंजिनासारखा फटफट आवाज येतो. कॅप्सूलच्या दोन टोकांपैकी जे त्याच्या धातूच्या आवरणाशी जोडलेले दिसते ते ऋण. मायक्रोफोनकडून येणारा आवाज एका कपॅसिटरमधून १० किलोओहमच्या वॉल्यूमकडे आणि तेथून आय.सी.कडे जातो. हा कपॅसिटर म्हणजेच वर सांगितलेली कात्री. येथे ०.१ मायक्रोफॅरड घातला तर साधारण १२० हर्ट्झच्या खालचा भाग कमी होतो, ०.०४७ घातला तर सुमारे २६० हर्ट्झच्या खालचा. दुसराच घ्यावा. पाचव्या पायाकडून स्पीकरकडे जाताना १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असावा, आणि त्याच पायापासून ऋणाकडे ०.०४७ मायक्रोफॅरड व १० ओहम हे एकापुढे एक जोडावेत, म्हणजे आय.सी. स्थिर राहते.

विजेसाठी चार पेन्सिल सेल, म्हणजे ६ व्होल्ट, उत्तम. गप्प असताना सगळे मिळून सुमारे १० मिलिअँपिअर एवढीच वीज लागते, त्यामुळे अल्कलाइन सेल कित्येक आठवडे पुरतात. गाडीच्या बॅटरीतून वीज घेण्याची कल्पना अनेकांना सुचते. ती दोन कारणांनी सोडून द्यावी. इंजिन चालू असताना त्या तारेवर १४ व्होल्टपर्यंत दाब असतो, आणि या आय.सी.ची साधारण मर्यादा १२ व्होल्ट आहे. शिवाय स्पार्क प्लगचा टरटराट त्या तारेतून थेट कानात उतरतो. त्याच कारणाने मायक्रोफोनची तारही जाळीचे आवरण असलेलीच घ्यावी. सेल आणि सर्किट यांची डबी मागे बसणाऱ्याच्या खिशात किंवा कमरेच्या पिशवीत राहील. हेल्मेटमध्ये बॅटरी ठेवू नये.

स्पीकरसाठी जुन्या हेडफोनमधील ३२ ओहमच्या चपट्या चकत्या योग्य होत. मागे बसणाऱ्याला दोन्ही कानांत दिल्या तरी चालतील. चालवणाऱ्याला मात्र एकच द्यावी, आणि तीही डाव्या कानाशी. आपल्याकडे मागून येणारे वाहन उजवीकडून पुढे जाते. रुग्णवाहिकेचा भोंगा, ट्रकचा हॉर्न ऐकण्यासाठी उजवा कान मोकळा हवा. कानाच्या आत घालण्याची बोंडे दोघांनीही वापरू नयेत. आवाज शांत जागी अगदी हळू वाटेल एवढाच ठेवून निघावे आणि रस्त्यावर गरजेपुरता वाढवावा. ८५ डेसिबल आवाज आठ तासांपर्यंत सोसतो असे मानले जाते, आणि त्यापुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. वाऱ्याने आधीच भरलेल्या कानात भर घालताना हा हिशेब विसरता येत नाही.

येथे गॉस्पोर्टच्या नळीची आठवण करावी. दोन्ही मायक्रोफोन सतत उघडे ठेवले, तर मागच्याच्या हेल्मेटमधील सगळा गोंगाट अखंडपणे चालवणाऱ्याच्या कानात पडत राहतो. तासाभरात तो थकतो. म्हणून मागच्याच्या मायक्रोफोनच्या मार्गात, कपॅसिटर आणि वॉल्यूम यांच्यामध्ये, घंटीला असते तसे दाबायचे बटण बसवावे. बोलायचे तेव्हा दाबावे, एरवी सोडावे. दाबताना हलका 'टक' असा आवाज होतो. 'आता बोलणार आहे' अशी सूचना म्हणून तो उपयोगीच पडतो. चालवणाऱ्याला बटण देऊ नये. त्याचा मायक्रोफोन उघडाच राहू द्यावा, कारण त्याचे दोन्ही हात हँडलवर असले पाहिजेत. गोंगाट सोसायचाच असेल तर तो मागच्याने सोसावा.

दोघांना जोडणारी तार ही या यंत्रातील सर्वांत धोक्याची वस्तू आहे. मागचा मनुष्य उतरताना तार काढायला विसरणार, हे धरूनच चालावे. मोबाइलच्या हेडफोनला असते तशी ३.५ मिलिमीटरची पिन वापरली, तर हलक्या ओढीने ती सुटते आणि कोणाच्या मानेला हिसका बसत नाही. फिरवून घट्ट बसणारे किंवा खटका असणारे जोड वापरू नयेत. तार गळ्याभोवतून कधीही नेऊ नये. ती हेल्मेटच्या मागच्या कडेवरून पाठीवर सोडावी, आणि लोंबून चाकात जाईल एवढी लांब ठेवू नये. एकदा जमिनीवर उभे राहून पिन ओढून पाहावी. ती सरळ ओढीने सुटत नसेल तर जागा बदलावी.

आता हेल्मेटविषयी. या भागात घाई झाली तर वरची सारी मेहनत उलटते. हेल्मेटच्या कठीण कवचाच्या आत थर्मोकोलसारखा जाड थर असतो. डोके आपटले की तो थर चिरडतो, आणि चिरडतानाच आघाताची शक्ती पिऊन टाकतो. कापडी गादी केवळ सोयीसाठी असते. जीव वाचवण्याचे काम हा थर करतो. स्पीकरसाठी जागा हवी म्हणून चाकूने तो कोरणे म्हणजे नेमक्या त्या ठिकाणी हेल्मेट पातळ करणे होय. अनेक हेल्मेटमध्ये कानाजवळ मुळातच पोकळी ठेवलेली असते. तेथे गादीच्या कापडामागे वेल्क्रोने चकती बसवावी. पोकळी नसेल तर त्या हेल्मेटमध्ये स्पीकर बसवू नये, दुसरे हेल्मेट पाहावे. कवचाला भोक पाडू नये, स्क्रू मारू नये. पातळ रबरी डिंक आणि झटपट चिकटणारी द्रावणे यांतील रसायने थर्मोकोल विरघळवतात. शंका असेल तर टीव्हीच्या खोक्यातील थर्मोकोलच्या तुकड्यावर तो डिंक थेंबभर टाकून पाहावा. खड्डा पडलेला दिसेल, आणि हेल्मेटमध्ये तोच खड्डा कापडाखाली लपून राहिला असता हेही कळेल. कानाच्या वर, डोक्याच्या बाजूस किंवा कपाळाजवळ कोणतीही कठीण वस्तू ठेवू नये.

हेल्मेट भारतीय मानक ब्युरोच्या आय.एस. ४१५१ या मानकाचे असावे. १ जून २०२१ पासून या चिन्हाविना दुचाकीचे हेल्मेट विकण्यास देशात मनाई आहे, तरीही रस्त्याच्या कडेला टोपीवजा हेल्मेट विकत मिळतातच. तसल्या टोपीत इंटरकॉम बसवण्याचे श्रम घेऊ नयेत.

लहान मुलांच्या हेल्मेटमध्ये तार नको. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांसाठी हेल्मेट, चालवणाऱ्याला बांधून ठेवणारा पट्टा आणि ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा असा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. इतक्या लहान प्रवाशाला काही सांगायचे असेल तर गाडी बाजूला घेऊन थांबणे हाच मार्ग आहे.

दोन स्वतंत्र मोटारसायकलींवरील माणसांना बोलायचे असेल तर तारेचा उपयोग नाही. त्यासाठी तयार ब्लूटूथ यंत्रे मिळतात. ती २.४ गिगाहर्ट्झ या विनापरवाना पट्टीवर चालतात आणि चांगली असतात. परवडत असतील तर घ्यावीत. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्टीतील अर्ध्या वॅटचे हातातील वॉकी-टॉकीही परवान्याशिवाय वापरता येतात. घरी एफ.एम. ट्रान्समीटर तयार करून बोलणे मात्र कायद्याने गुन्हा आहे, मग तो कितीही छोटा असो.

यंत्र तयार झाल्यावर थेट घाटात जाऊ नये. प्रथम दोन खोल्यांत दोघांनी हेल्मेट घालून बोलावे. मग गाडी उभी ठेवून इंजिन चालू करावे. मग दहिवलीच्या आतल्या रस्त्यावर सावकाश, आणि शेवटी मोठ्या रस्त्यावर. प्रत्येक टप्प्यावर मागच्याने कागदावर लिहून आणलेले शब्द क्रम बदलून वाचावेत : थांब, लांब, सात, साठ, पूल, मूल, डावीकडे, उजवीकडे. चालवणाऱ्याने ऐकलेला शब्द लगेच मोठ्याने म्हणावा. मागच्याने खूण करावी. मागचा उघड्या हेल्मेटचा स्वार असेल तर कोणत्या वेगाला 'सात' आणि 'साठ' एक होतात ते येथे कळते. तेवढा वेग या जोडीची मर्यादा समजून त्यापुढे खांद्यावरच्या थापांवर यावे.

कर्जत तालुक्यात जून ते सप्टेंबर या काळात पाऊस थांबतच नाही. डबी झिप असलेल्या पिशवीत ठेवावी आणि तीत बुटांच्या खोक्यात मिळते ती सिलिका जेलची पुडी टाकावी. घरी आल्यावर हेल्मेटमधील स्पंजाची टोपी काढून पिळून वाळवावी. ओल्या स्पंजातून आवाज घुसमटलेला येतो आणि दोन दिवसांत कुबट वासही येतो. पेन्सिल सेल पावसाळ्यात गंजतात, म्हणून आठवडाभर गाडी निघणार नसेल तर ते काढून ठेवावेत. पिनांवर हिरवट थर दिसला तर बारीक पॉलिश कागदाने घासून घ्यावा. स्पंजाच्या दोन जादा टोप्या आधीच कापून ठेवल्या, तर श्रावणात त्यांची गरज पडतेच.